कोकणात कोणता पक्षी कुठे, हे वैशाख ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं गाव गुहागर तालुक्यात. पक्ष्यांच्या पुस्तकातल्या नकाशात पालघरपासून सावंतवाडीपर्यंतचं सगळं कोकण बहुतेक वेळा एकाच रंगात रंगवलेलं असतं. पण आमच्याकडे रोज दिसणारा ककणेर धनेश माझ्या डहाणूच्या मेहुण्यांनी कधी बघितलेला नाही. महाधनेश बघायचा तर दोडामार्ग गाठावं लागतं. रोहित ठाण्याच्या खाडीत हजारोंनी, आमच्या खाडीत एकही नाही. पाऊस तर सगळीकडे सारखाच धो धो. मग पक्षी कुठे राहणार हे हवामान ठरवतं की जागा?"

'पाऊस सगळीकडे सारखाच' या तीन शब्दांतच सगळी गोम आहे.

मी तीसेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात पक्ष्यांच्या नोंदी ठेवतोय, आधी नोकरी सांभाळून आणि आता रिकामटेकडा म्हणून. सुरुवातीला मीही असंच धरून चाललो होतो. वहीच्या पहिल्या पानावर पावसाचे आकडे लिहून ठेवले होते: मुंबई सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरी तीन हजारांच्या वर, आंबोली सात हजारांच्या घरात. आकडे बरोबर होते, पण पक्ष्यांशी त्यांचा मेळ बसेना. जगात सव्वादोन हजार मिलिमीटर पावसावर बाराही महिने हिरवीगार राहणारी जंगलं आहेत, आणि आपलं पालघर-ठाण्याचं जंगल मार्चमध्ये पान टाकून उघडं होतं. कारण हा पाऊस वर्षभर झिमझिमत नाही. जून ते सप्टेंबर एका दमात कोसळतो आणि संपतो. त्यात तुमच्या-आमच्या पायाखाली जांभा, भोकाभोकांचा दगड. वरून ओतलेलं पाणी दिवाळीपर्यंत समुद्राला मिळालेलं असतं. ज्या वाडीचा साकव जुलैत वाहून जातो त्याच वाडीत मे महिन्यात टँकर येतो, हे गुहागरच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

पक्ष्याचंही तसंच. पावसाळ्यात कोकणात कोणी उपाशी मरत नाही. किडे, बेडूक, खेकडे, गवताचं बी, सगळ्याची रेलचेल. खरी परीक्षा नंतर. वर्षातला सगळ्यात वाईट महिना जिथे निभतो तिथे पक्षी कायमचा राहतो. जिथे निभत नाही तिथून उठून जातो, नाहीतर तिथे येतच नाही. बहुतेक रानपक्ष्यांसाठी कोकणात तो महिना म्हणजे वैशाख. म्हणून माझं उत्तर: हवामान वाईट महिने किती ते ठरवतं, आणि जागा ते महिने काढता येतील की नाही ते. दोन्ही एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत, त्यामुळे 'हे की ते' असा निवाडा मी करत नाही.

हवामानाची बाजू आधी. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळात, कोरडे महिने दोन-तीन असतात. गोव्याच्या आसपास ते पाच-सहा होतात आणि मुंबईच्या वर गेलात की सात-आठ. मॉन्सूनच्या येण्यात एवढा फरक नाही. हवामान खात्याच्या सध्याच्या तारखांप्रमाणे तो केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो, म्हणजे दहाच दिवस. फरक पडतो तो अलीकडे-पलीकडे. दक्षिणेला वळवाचे पाऊस आधी सुरू होतात आणि परतीच्या सरी जास्त रेंगाळतात. त्यामुळे तिकडचं झाड बाराही महिने पान, फळ, किडा धरून ठेवतं. सह्याद्रीचे म्हणून जे खास सदाहरित रानातले पक्षी आहेत, मलबारी कर्णा घ्या किंवा राखी डोक्याचा बुलबुल, ते दक्षिणेकडून उत्तरेला येताना दिंडीतली माणसं मुक्कामा-मुक्कामाला मागे राहावीत तसे कमी होत जातात. तिळारीच्या खोऱ्यात जे सहज भेटतात त्यातले बरेचसे रत्नागिरीत घाटाच्या पायथ्याच्या दमट घळींपुरते उरतात आणि पालघरच्या सागाच्या रानात दिसतही नाहीत. सागाच्या त्या रानाचे मानकरी वेगळे आहेत. रानपिंगळा हा दुर्मीळ घुबडाचा प्रकार १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही दिसला. तो सावंतवाडीच्या दमट रानात शोधायला कोणी जाणार नाही.

पण या नियमाला एक गोड अपवाद आहे, आणि मला तो फार आवडतो. विगर्सचा शिंजीर हा लाल गळ्याचा छोटा पक्षी सह्याद्रीचाच खास, पण तो उत्तरेकडे कर्नाळ्यात आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातही सुखाने राहतो. असं का? तो मधावर जगतो. काटेसावर, पांगारा, पळस ही झाडं पान टाकून फुलतात ती नेमकी जानेवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, आणि त्यांच्या मागोमाग बांडगुळं. इतरांच्या दुष्काळात याची पंगत बसते. 'वाईट महिना' प्रत्येक पक्ष्याचा वेगळा असतो, तो आधी शोधावा लागतो.

आता तुमचे धनेश. कोकणात धनेशाच्या चार जाती आहेत, आणि चौघांना एकाच फूटपट्टीने मोजता येतं: मादी ढोलीत असताना नर तिला कुठून, किती दिवस भरवू शकतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून स्वतःला आतून लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नराच्या भरवशावर बसते. महाधनेशाची मादी तीन-चार महिने अशी कोंडलेली असते. हे दिवस येतात फेब्रुवारी-मार्च ते मे-जून, म्हणजे ऐन कोरडीत. या काळात फळांचा एका आठवड्याचा खाडाही परवडत नाही. वड, उंबर, नांदरुख ही मंडळी इथे उपयोगी पडतात, कारण त्यांचं प्रत्येक झाड आपल्याच पंचांगाने फळतं. एक संपलं की दुसरं सुरू. मात्र अशी झाडं भरपूर हवीत आणि जवळ हवीत. अडीच-तीन किलोच्या महाधनेशाला मोठं, सलग, ओलं रान लागतं, म्हणून तो दोडामार्ग-तिळारीकडे. मलबारी राखी धनेशही ओल्या रानातलाच. तुमचा ककणेर, म्हणजे कवड्या धनेश, मधला: पानगळीचं रान त्याला चालतं, पण पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, जुनी झाडं हवीत. काजऱ्याचं फळ तो मजेत खातो. ज्याचं बी आपल्याला विष, त्याचं त्याला काही होत नाही. आणि साधा राखी धनेश सगळ्यात काटक. फळ नाही मिळालं तर सरडा, टोळ, काहीही. म्हणून तो मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरच्या पिंपळावरही संसार थाटतो.

इथे कोणी हुशार वाचक मला अडवेल. ककणेर तर छत्तीसगड-ओडिशाकडच्या रानांतही आहे, आणि तिथे कोरडे महिने कोकणापेक्षा कमी नाहीत. मग डहाणूने काय घोडं मारलंय? अगदी रास्त शंका. तिथे त्याला तगवतात ती नदीनाल्यांच्या काठची जुनी, थोर झाडं. उत्तर कोकणातलं रान मुंबईच्या लाकडा-कोळशासाठी पिढ्यान्‌पिढ्या तुटत आलं. साग पुन्हा फुटला, पण काठावरचे उंबर, बेहडे, आंबे परत आले नाहीत. डहाणूत ककणेर नसण्यात हवामानाचा वाटा आहेच, पण कुऱ्हाडीचा वाटा त्याहून मोठा आहे असं माझं मत आहे.

फळाइतकीच ढोलीची अडचण. महाधनेश सोडाच, ककणेर मावेल अशी ढोली पन्नास-साठ वर्षांच्या झाडाला क्वचित होते. फांदी मोडायला हवी, आतून कुजायला हवं, भोक मोठं व्हायला हवं. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान खासगी मालकीचं आहे. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (झाडांच्या फांद्या) तोडायची, दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदाराला अख्खा डोंगर द्यायचा, ही रीत. अशा रानात झाडं असतात पण म्हातारी झाडं नसतात. दुरून हिरवं दिसतं आणि आत घर करायला जागा नाही. म्हातारी झाडं उरली ती देवराईत, आणि बेहड्याच्या रूपाने. नळ-दमयंतीच्या गोष्टीतला कली बेहड्यात जाऊन बसला, तेव्हापासून हे झाड बदनाम. आमच्या आजीने तर तिन्हीसांजेला बेहड्याखालून जायला सक्त मनाई केली होती. त्या भीतीने कितीतरी बेहडे वाचले आणि त्यांच्या ढोल्यांत ककणेरांच्या पिढ्या वाढल्या. आता भीती गेली आणि खोक्यांसाठी लाकूड लागतं. मी अंधश्रद्धेच्या बाजूचा नाही, पण या एका बाबतीत मला कली परवडला असता.

आता माझ्या फजितीची गोष्ट, कारण तिच्यातूनच मला हे वैशाखाचं गणित उमगलं. आमच्या वाडीमागे एक पऱ्या आहे. माझ्या यादीत त्या पऱ्यापुढे तिबोटी खंड्याच्या नावासमोर बारा वर्षं 'नाही' असं लिहिलेलं होतं. मुठीत मावेल एवढा, जांभळा-नारिंगी, कोकणातला सगळ्यात देखणा पक्षी. मी शोधायला कधी जायचो? डिसेंबर-जानेवारीत. हवा छान, वाट कोरडी, जळवा नाहीत. एका जूनमध्ये कोसळलेला बांध बघायला म्हणून छत्री घेऊन गेलो, तर बांधाच्या ताज्या कापलेल्या मातीत भोक, आणि तोंडात सापसुरळी धरलेले हे महाशय समोरच्या फांदीवर. बारा वर्षं तो दर पावसाळ्यात तिथे येत असणार आणि दर पावसाळ्यात मी घरात भजी खात असणार.

तिबोटी खंड्या उत्तर आणि मध्य कोकणात मे महिन्याच्या अखेरीस येतो, पहिल्या पावसाने मऊ झालेल्या दरडीत बीळ खणतो, बेडूक-खेकडे-सापसुरळ्यांवर पिल्लं वाढवतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिणेच्या बारमाही ओल्या रानांकडे निघून जातो. पऱ्या आटला की त्याचं इथलं काम संपलं. नवरंगही असाच, मे-जूनमध्ये त्याची दोन सुरांची शीळ घुमू लागते. मग हे पक्षी कोकणचे की दक्षिणेचे? चार महिने आपलं रान केरळाच्या तोडीचं असतं, तेवढे चार महिने ते आपले. उरलेल्या आठांचं भाडं त्यांना परवडत नाही. पुस्तकातल्या नकाशाला महिने दाखवणं जमत नाही, हा त्या नकाशाचा मोठा दोष.

पावसाची ही उतरंड नुसत्या डोळ्यांनी बघायची असेल तर चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर आणि पुढे कऱ्हाडला जा. कोयनेला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि कऱ्हाडला हजाराच्या आत. साठ-सत्तर किलोमीटरांत एवढी घसरण. बसच्या खिडकीतून बुलबुल मोजा. खाली आणि घाटात शेंडीवाला, गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल जास्त. जसजसे पूर्वेला उतराल तसतसा लालबुड्या बुलबुल वाढत जातो आणि कऱ्हाडपर्यंत त्याचंच राज्य. दोघेही तीच करवंदं आणि घाणेरीची फळं खातात, पण ओलाव्याची आवड वेगळी. कुठल्या गावचं हवामान दमट हे कळायला मला पर्जन्यमापकापेक्षा हे दोघे जास्त विश्वासाचे वाटतात.

खाडीचा हिशोब निराळा. तिथे वाईट महिना नसतो, वाईट तास असतात. तुमची खाडी आणि ठाण्याची खाडी दोन्ही खाऱ्याच, पण मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो आणि दक्षिणेला येत येत मालवण-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास उरतो. ठाण्याची खाडी रुंद, उथळ, गाळाने भरलेली. एवढं पाणी ओसरलं की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. आपल्या दाभोळ, जयगड, विजयदुर्गच्या खाड्या म्हणजे बुडालेल्या नद्यांच्या दऱ्या: अरुंद, खोल, दोन्हीकडे डोंगर. पाणी दोन मीटर खाली गेलं तरी उघडी पडते ती काठाची एक पट्टी. त्यावर तुतवार, चिखल्या, कोरल यांचे लहान थवे भागतात, मोठ्या थव्यांना ते ताट पुरत नाही. त्यात लहान रोहित खातो ते सूक्ष्म शेवाळ. मुंबईच्या सांडपाण्याने ठाण्याच्या चिखलात ते मातलं आणि नव्वदच्या दशकापासून कच्छकडचे रोहित तिथे हिवाळा काढू लागले. म्हणजे घाणीचा प्रसाद म्हणायचा! २०१५ मध्ये त्या खाडीचं अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

वाईट तास म्हणतो तो भरतीचा. चिखल बुडाला की हजारो पक्ष्यांना सहा तास उभं राहायला कोरडी, मोकळी, कुत्र्यामाणसांपासून सुरक्षित जागा लागते. मिठागरं आणि खाजणं हेच ते विश्रामगृह. उरण-नवी मुंबईकडे ही खाजणं भराव टाकून बुजवली जातात तेव्हा सांगितलं जातं की पक्षी तर खाडीत चरतात, खाजणात काय ठेवलंय. ज्याला रात्री झोपायला घर नाही त्याला भरलेलं हॉटेल काय कामाचं?

कांदळवनातल्या एका पक्ष्याबद्दल थोडं विषयांतर करतो. गळ्याला पांढरा पट्टा असलेला निळा-हिरवा खंड्या, कॉलर्ड किंगफिशर, हा सुंदरबन, भितरकनिका, अंदमान अशा पूर्वेकडच्या कांदळवनांचा रहिवासी. पण त्याची एक लहानशी वस्ती पार इकडे पश्चिमेला, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांत आहे. विडाल नावाचा मुलकी अधिकारी इथे होता. त्याने १८८० मध्ये दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापली, आणि या खंड्याच्या पश्चिमेकडच्या उपजातीला पुढे त्याचंच नाव मिळालं. मुंबईत कांदळवन याहून कितीतरी जास्त, मग हा तिथे का नाही? तिथलं कांदळवन बहुतांशी तिवराचं, दाट आणि ठेंगणं. आचऱ्यासारख्या खाड्यांत जुनी, जाड बुंध्याची चिपी आहेत, ढोल्या आहेत, मुळांत खेकडे आहेत. पुन्हा म्हातारी झाडंच! हेक्टरात मोजलेलं कांदळवन आणि पक्ष्याला हवं असलेलं कांदळवन यांत हा फरक आहे.

सड्यांबद्दल, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांबद्दल, लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिलेलं हे कातळ पावसात तळं, श्रावण-भाद्रपदात फुलांची रांगोळी आणि वैशाखात तापलेला तवा. इथे मलबारी चंडोल गवताच्या झुबक्याआड घरटं करतो. माळटिटवी मात्र वैशाखातच खूश: उघड्या तापल्या कातळावर अंडी घालते आणि ती जांभ्याच्या खड्यांत अशी मिसळतात की पाऊल टाकायची भीती वाटते. तिचा वाईट महिना जुलै, गवत वाढून आणि पाणी साचून सडा तिच्या कामातून जातो तेव्हाचा. चिरेखाण मात्र बाराही महिने वाईट. सड्यांवरच्या कातळशिल्पांत पूर्वजांनी गेंडाही कोरून ठेवलाय, जो आज हजार किलोमीटरांत कुठे नाही. पक्ष्यांच्या सीमा आज आहेत तशाच कायम असतील असं समजणाऱ्याने तो एकदा बघून यावा.

काही पक्ष्यांना मात्र पावसाचं आणि रानाचं फारसं देणंघेणं नसतं. समुद्रगरुड मुंबईपासून खाली किनाऱ्याने राहतो. त्याला मासे आणि समुद्रसाप हवेत आणि घरटं पेलणारं उंच झाड, मग तो आंबा असो की सुरू. किनाऱ्याला लागून झाडं ठेवलीत तर तो माणसाच्या परसातही घरटं करतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर, जिथे १८७५ मध्ये पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम जाऊन आला होता, भारतीय पाकोळ्या काळोख्या गुहांत थुंकीने घरटी चिकटवतात. गुहेत त्या टिकटिक आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. दिवसा त्या सिंधुदुर्गच्या डोंगरांवर किडे टिपत फिरतात, पण घरटं करायला तशी गुहा दुसरीकडे नाही, म्हणून अख्खी वस्ती एका खडकात. त्या घरट्यांची सूपासाठी चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती उघडकीला आणून पहारा बसवला, म्हणून त्या शिल्लक आहेत. एका जागेवर विसंबलेला पक्षी किती कच्चा धागा धरून असतो, ते इथे दिसतं.

आणि कधी जागा, हवामान दोन्ही जसंच्या तसं असतं आणि पक्षी जातो. आंजर्ल्याच्या माडांवर गिधाडं घरटी करायची. माड तिथेच आहेत, पाऊसही तोच आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं संपवली. २००६ मध्ये बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. उरलेल्यांच्या वाट्याला ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आलं, त्याने श्रीवर्धन-म्हसळा भागातली जुनी झाडं आडवी केली. अशी वादळं आणि आषाढातला वारा भर समुद्रातले बूबी, नॉडी वगैरे पाहुणे आपल्या पुळणीवर आणून टाकतात. दमलेला पक्षी सापडला तर पाण्यात ढकलू नका, खोक्यात सावलीला ठेवा आणि वनखात्याला फोन करा. आणि त्या नोंदीवरून 'कोकणात बूबी राहतो' असा नकाशाही रंगवू नका!

नकाशाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हल्ली सगळे मोबाइलवर नोंदी टाकतात, ते उत्तमच. पण ते ठिपके नीट बघा: मुंबई-गोवा महामार्ग, कर्नाळा, आंबोली, आणि दिवाळीची सुट्टी. मंडणगडच्या आतल्या गावात ठिपका नाही याचा अर्थ तिथे पक्षी नाही असा होत नाही. तिथे जुलैत छत्री धरून जाणारा माणूस नाही, एवढाच होतो. माझी बारा वर्षं आठवा.

तेव्हा तुम्ही असं करा. तुमच्या वाडीमागची एक दोन किलोमीटरची वाट ठरवा आणि तीच वाट वैशाखात, आषाढात आणि मार्गशीर्षात चाला. न दिसलेलाही लिहा. फळाला आलेलं प्रत्येक झाड लिहा, पऱ्यात पाणी कुठवर आहे ते लिहा, ढोली दिसली तर तिची उंची लिहा. दोन-तीन वर्षांत तुमचा ककणेर कुठल्या झाडांच्या जिवावर मे महिना काढतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल. आणि मेहुण्यांकडे डहाणूला जाल तेव्हा दिवाळीत जाऊ नका, वैशाखात जा. सूर्या नदीच्या काठाकाठाने फिरा आणि फळाने लगडलेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा उंबर कुठे दिसतो का बघा. दिसला तर मला कळवा. त्याच्याखाली एक दिवस बसायला मीही येईन.